तीनदा तासलेलं दार

बाराव्या दिवशी तो परत येतो,
सातशे किलोमीटर वरून,
आणि धुळ्यात, देवपुरातल्या दुसऱ्या मजल्यावर
माझ्या पडद्यावर सातपुडा रंगतो :
जांभळा, हिरवा, पिवळा, पुन्हा जांभळा.
रंगांचा एक फेरा म्हणजे अठ्ठावीस मिलिमीटर.
या खेपेला चिरमाळपाड्यावर
फेऱ्याचा तिसरा हिस्सा.

आईला फोनवर सांगितलं.
"डोंगर बी चालस का व?" म्हणाली,
आणि गॅसची टाकी संपल्याचं सांगू लागली.

चालतो. हा तर पूर्वी धावलेला आहे,
कुणाच्या आज्याच्या आज्यालाही ठाऊक नाही इतक्या पूर्वी.
वरचा कडा अजून तसाच, अर्धगोल,
भाकरीचा घास तोडल्यासारखा,
आणि खाली ती सगळी पडझड
हजारो वर्षं निजून सपाट झालेली.
अक्राणीत सपाट जागा कोण सोडतं?
खोल माती, उन्हाळ्यातही न आटणारा झरा,
मोहाची नऊ झाडं.
एकदा पडलं होतं,
म्हणून तर पाडा तिथे बसला.

मार्चमध्ये आम्ही तीन पत्र्यांचा कोपरा नेला,
वरून नेमका ठिपका दिसावा म्हणून.
उखाड्या पावराने तो डोक्यावर वाहिला,
धडगावच्या रस्त्यापासून दीड तास.
पोरांनी विचारलं, यात कोणतं चॅनल लागतं?
बोल्ट आवळेपर्यंत एक बकरी
त्यावर पाठ घासून गेली.
तेवढं हलणं मी वहीत लिहिलं नाही.

सायकीबाईने दार दाखवलं.
सागाचं, तिच्या लग्नाच्या वर्षीचं.
चौकटीत अडकतं म्हणून
तीन वर्षांत तीनदा तासलं.
ढलप्या चुलीत गेल्या, शेवटच्या तेवढ्या कोपऱ्यात होत्या.
मी त्या उंबऱ्यावर मांडल्या, पट्टी लावली,
तिने माझ्या पट्टीकडे न बघता
दोन बोटं आडवी धरली : एवढं.

आता हे कुणाला समजावू?
तो उत्तर-दक्षिण फिरतो, बाजूला बघतो.
उतार सरळ खाली येत असेल तर दिसतो,
पूर्वेला, पश्चिमेला सरकला तरी दिसतो.
हा पाडा नर्मदेकडे तोंड करून आहे.
उत्तरेकडे निघालेलं माणूस काय, डोंगर काय,
त्याच्या डोळ्याला जवळजवळ उभंच वाटतं.
माझे नऊ मिलिमीटर म्हणजे
चालणाऱ्याची फक्त सावली.
दाराने पाऊल मोजलं होतं.

अहवालात एक रकाना असतो : प्रत्यक्ष पडताळणी.
त्यात मी 'दार' लिहिलं.
साहेबांनी पेन्सिलने गोल केला,
शेजारी प्रश्नचिन्ह.
ढलप्यांचं पाकीट मी टेबलावर ठेवलं.
ते बराच वेळ वास घेत राहिले,
मग म्हणाले, जुना साग आहे.

आषाढात पडदा विस्कटतो.
सागाला ताटाएवढी पानं येतात, वाऱ्यात हलतात,
आणि बारा दिवसांपूर्वीचं रान
आजच्या रानाला ओळखत नाही.
सगळीकडे मुरमासारखे ठिपके.
जेव्हा बघायला हवं
नेमकं तेव्हाच.

मग मी उखाड्याला फोन लावते.
रेंज वरच्या मोहापाशीच येते,
त्या मोहाचं खोड आता बुंध्यापाशी वाकलंय, शेंडा मात्र सरळ.
"दार लागतं का?" विचारते.
"बघून सांगतो, ताई."
उतरायचं, दार लावून बघायचं, पुन्हा चढायचं,
वीस मिनिटं.
तेवढ्यात तो वरचा
पृथ्वीचा पाचवा हिस्सा ओलांडून जातो.

मी खिडकीशी उभी आहे.
पांझरेच्या पुलावर एक ट्रक बंद पडलाय,
मागची माणसं हॉर्न वाजवतायत.
सतरा मिनिटं झाली.